घरातलं माणूस गोळ्या घेत नाही? आधी कारण शोधा, डबी मग आणा

"बाबा गोळ्या विसरतात. ती सोमवार-मंगळवार लिहिलेली डबी द्या ना," असं म्हणत येणारी मुलं-सुना आमच्या औषधाच्या दुकानात नेहमीच असतात. डबी मी देते, पण सोबत एक प्रश्नही विचारते. बाबा खरंच विसरतात, की त्यांना घ्यायच्याच नसतात? बहुतेकांना सांगता येत नाही, कारण बाबांना कोणी विचारलेलंच नसतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालानुसार दीर्घकाळच्या आजारांवरची औषधं नीट घेणाऱ्यांचं प्रमाण विकसित देशांतसुद्धा सरासरी ५० टक्केच आहे, आणि गरीब देशांत त्याहून कमी. तेव्हा तुमच्या घरचं माणूस काही जगावेगळं वागत नाही. औषध सुटण्यात पैसा, दवाखान्याची व्यवस्था, आजाराचा स्वभाव आणि औषधाचा त्रास या सगळ्यांचा वाटा असतो, एकट्या रुग्णाला दोष देऊन भागत नाही, हेही त्याच अहवालात आहे. माझा अनुभव तोच सांगतो. विसरणं हे सगळ्यात सोयीचं उत्तर, म्हणून ते आधी दिलं जातं. खरं कारण त्याच्या मागे बसलेलं असतं.

हा लेख घरच्यांसाठी आहे. बीपी, शुगर, थायरॉइड, दमा, टीबी, फिट्स, सिकलसेल, मनाचे आजार, जिथे औषध महिनोन्‌महिने चालतं तिथे उपयोगी पडेल.

विचारायचं कसं

"गोळी घेतली का?" या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं असतं: "हो, घेतली." विषय तिथेच संपतो. त्यापेक्षा निवांत वेळ बघा. चारचौघांत नको, जेवणाच्या ताटावर तर नकोच. मग म्हणा, "काकाजी, इतक्या गोळ्या म्हटल्यावर कोणाचीही एखाददुसरी राहतेच. मागच्या आठवड्यात तुमची किती वेळा राहिली?" राहते हे आपणच कबूल केलं की समोरच्याला लपवायचं कारण उरत नाही.

दुसरा प्रश्न: "यातली कोणती गोळी नको वाटते?" खरं बाहेर येतं ते इथे. कोणी म्हणेल, "ही पांढरी घेतली का माहे पाय सुजते." कोणी म्हणेल, "मले काही होतच नाही, त कायले घेऊ?" ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे. ऐकताना मध्ये बोलू नका. "पण डॉक्टरांनी सांगितलंय ना!" हे वाक्य ओठावर आलं तरी गिळा.

पिशवी उपडी करा

एका रविवारी घरातली सगळी औषधं एका वर्तमानपत्रावर मांडा. फ्रिजवरची, देवघरातली, उशाखालची, पर्समधली, सगळी. ज्याची औषधं आहेत तो माणूस शेजारी हवा. माघारी केलं तर ती झडती होते.

मुदत संपलेली आधी बाजूला काढा. मग प्रत्येक स्ट्रिपवर मोठ्या अक्षरातलं कंपनीने दिलेलं नाव सोडून बारीक अक्षरातलं औषधाचं नाव वाचा. यात हमखास एक गोष्ट सापडते: एकच औषध दोन नावांनी. नागपूरच्या मेयो किंवा मेडिकल या सरकारी रुग्णालयांतून मिळालेली बीपीची टेल्मिसार्टन एका पिशवीत, आणि खासगी डॉक्टरांनी वेगळ्या नावाने लिहिलेली टेल्मिसार्टन दुसऱ्या पिशवीत. रुग्ण दोन्ही घेतो, बीपी खाली येतं, मोरीत चक्कर येते, आणि घाबरून तो दोन्ही बंद करतो. घरच्यांना दिसतं ते एवढंच, की बाबा गोळ्या घेत नाहीत.

सोबत आणखी काय निघतं तेही बघा: गुडघ्यासाठी स्वतःच आणलेल्या वेदनाशामक गोळ्या, कोणीतरी दिलेलं चूर्ण, शेजारणीला लागू पडलेलं काहीतरी. ओरडू नका, लिहून घ्या.

आता हिशोब. १ तारखेला ३० गोळ्या आणल्या, रोज एक घ्यायची, तर २० तारखेच्या रात्री १० उरायला हव्यात. १७ उरल्या असतील तर सात दिवस राहिले. हा आकडा रागवायला नाही, डॉक्टरांना सांगायला हवा. नाही तर बीपी आटोक्यात नाही म्हणून ते गोळी वाढवतात, आणि घरी जुनीच पडून असते. शुगरमध्ये हे जास्त चालतं: तपासणीच्या आधी चार दिवस माणूस अगदी नियमित होतो, उपाशीपोटीची शुगर छान येते, पण मागच्या सुमारे तीन महिन्यांचा अंदाज देणारी एचबीएवनसी वेगळंच सांगते.

शेवटी एका कागदावर यादी करा. औषधाचं नाव, कशासाठी, किती वाजता, कोणी दिलं. तिचा फोटो फोनमध्ये ठेवा.

कारण कोणतं?

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते चिठ्ठीवरच्या "१५ दिवस"कडे. तापाच्या औषधाची सवय असलेल्या माणसाला त्यातून कोर्स संपला असंच कळतं. डॉक्टरांच्या मनात असतं, पंधरा दिवसांनी दाखवा आणि औषध चालू ठेवा. बीपी, शुगर, थायरॉइड, फिट्स यांच्या चिठ्ठीवर "सांगितल्याशिवाय बंद करू नये" एवढं मराठीत लिहून मागा. कोणी नाही म्हणत नाही. १-०-१ म्हणजे सकाळ-संध्याकाळ आणि दुपारी काही नाही, हेही एकदा रुग्णाकडूनच वदवून घ्या. "समजलं का?" असं विचारलं तर मान हलते. "मला सांगा बरं, रात्री कोणती घ्यायची?" असं विचारलं तर खरं कळतं.

दुसरं कारण म्हणजे बरं वाटणं. बीपीला बहुधा लक्षणंच नसतात, त्यामुळे गोळी घेऊनही काही वाटत नाही आणि सोडूनही काही वाटत नाही. इथे घरातलं बीपी मोजायचं मशीन भाषणापेक्षा जास्त काम करतं. आकडा डोळ्यांसमोर येतो. टीबीत काही आठवड्यांत खोकला थांबतो, भूक लागते, आणि उपचार सुटतो तो नेमका तेव्हा. साध्या टीबीचा उपचार सहा महिन्यांचा असतो: पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. मध्येच सोडला तर उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात, आणि मग उपचार अवघड होतो. यातल्या रिफाम्पिसिन या औषधाने लघवी केशरी होते, त्याला घाबरून कोणी थांबत असेल तर ते अपेक्षितच आहे असं आधीच सांगा. टीबीच्या रुग्णांसाठीच्या सरकारी निक्षय पोषण योजनेत नोव्हेंबर २०२४ पासून उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १००० रुपये खात्यात मिळतात. खातं जोडलं आहे का, ते आरोग्य केंद्रात विचारा.

विदर्भात सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराची घरं पुष्कळ आहेत. त्यावरचं हायड्रॉक्सियुरिया रोज घ्यायचं असतं, त्याचा गुण दिसायला काही महिने लागतात, आणि गुण दिसतो तो कसा? दुखण्याचे झटके कमी होतात. झटका आला नाही म्हणून आई औषध थांबवते. वास्तविक झटका येत नाही तो औषधामुळेच. या औषधावर रक्ताची तपासणीही ठरलेल्या वेळी करावी लागते, तेव्हा दोन्हीच्या तारखा एकाच कॅलेंडरवर लिहा.

तिसरं कारण भीती, आणि त्यावर मला जरा सविस्तर बोलायचं आहे. "गोळ्यांनी किडनी जाते" हे वाक्य आमच्या काउंटरवर जितक्या वेळा ऐकू येतं, तितकं दुसरं कोणतंच नाही. डायलिसिसवरचा एखादा नातेवाईक शुगरच्या गोळ्या घेत होता, म्हणून दोष गोळ्यांवर जातो. किडनी बिघडवण्यात मोठा हात आटोक्यात नसलेल्या शुगरचा आणि बीपीचा असतो. गंमत म्हणजे हीच मंडळी गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅक महिनोन्‌महिने स्वतःच्या मनाने घेत असतात, आणि किडनीला खरा धोका त्या गोळ्यांचा असतो. त्या बीपीही वाढवतात. तेव्हा "भीती चुकीची आहे" असं म्हणू नका. भीती बरोबर आहे, बोट चुकीच्या गोळीकडे आहे. वर्षातून एकदा क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि लघवीतलं प्रथिन तपासून आकडा दाखवला की निम्मी भीती जाते. काही औषधांचा डोस किडनीच्या स्थितीप्रमाणे कमी करावा लागतो, हेही खरं आहे; तो निर्णय डॉक्टरांचा.

"पंप लागला की सुटत नाही," ही दम्यातली भीती. साल्ब्युटामॉलच्या पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम औषध असतं आणि गोळीत २ किंवा ४ मिलिग्रॅम, म्हणजे वीस ते चाळीस पट. पंप कमी औषधात थेट जागेवर पोचतो, एवढं सांगितलं तरी चेहरा बदलतो. स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरायला सांगा, नाही तर तोंड येतं आणि पंप कोपऱ्यात जातो. "इन्सुलिन म्हणजे शेवटची पायरी" ही तशीच एक समजूत. "औषध गरम पडतं" असं कोणी म्हणालं तर हसू नका. विचारा, गरम म्हणजे नेमकं काय होतं? जळजळ, तोंड येणं, घाम, जुलाब? त्यातून बऱ्याचदा खरा दुष्परिणाम सापडतो.

त्रास खराच असेल तर समजावून काही होत नाही, औषध किंवा वेळ बदलावी लागते. बीपीच्या ॲम्लोडिपिनने पाय सुजू शकतात. बीपीच्याच एनालाप्रिल-रॅमिप्रिलने कोरडा खोकला येऊ शकतो. त्याला दुसरा पर्याय असतो. शुगरच्या मेटफॉर्मिनने पोट बिघडत असेल तर ती जेवणानंतर घेऊन, हळूहळू वाढवून किंवा सावकाश विरघळणारी गोळी घेऊन बहुतेकांना चालते. पाण्याच्या गोळीने सारखं लघवीला जावं लागतं, म्हणून उमरेड-काटोलहून एसटीने नागपूरला येणारी बाई प्रवासाच्या दिवशी ती हमखास टाळते. बसस्टँडवरचं स्वच्छतागृह पाहिलेल्या कोणालाही तिचं कारण पटेल. प्रवासाच्या दिवशी वेळ पुढे-मागे करता येईल का, ते डॉक्टरांना आधीच विचारा. पुरुष एक गोष्ट कधीच सांगत नाहीत: बीपीच्या किंवा डिप्रेशनच्या काही गोळ्यांनी लैंगिक अडचण येते, आणि ते गुपचूप गोळी सोडतात. मुलाने हे विचारणं अवघड असतं. "डॉक्टरांशी एकट्याने बोलायचं असेल तर मी बाहेर थांबतो," एवढं म्हटलं तरी पुरे.

पैशाचं कारण लाजेपोटी विसरण्याच्या नावाने सांगितलं जातं. अर्धीच स्ट्रिप मागणारा, दिवसाआड घेणारा, "पगार झाल्यावर बाकीच्या नेतो" म्हणणारा, या सगळ्यांची डबी भरून काही होणार नाही. माझ्या धंद्याच्या विरुद्ध आहे, पण सांगते. जनऔषधी केंद्रात तीच औषधं ५० ते ९० टक्क्यांपर्यंत स्वस्त मिळतात. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या आणि न्या. बीपी-शुगरची नेहमीची औषधं सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. गडचिरोली, गोंदिया, छिंदवाड्याहून मेडिकलला येणाऱ्यांना औषधापेक्षा गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी जास्त पडते. त्यांनी निघण्यापूर्वी विचारावं: पुढच्या गोळ्या गावच्या केंद्रातून मिळतील का? तशी चिठ्ठी द्याल का?

लाज हे कारण टीबी, एचआयव्ही, फिट्स आणि मनाच्या आजारांत येतं. नव्या सुनेने फिट्सची गोळी सासरी लपवून घ्यायची, तर चार पाहुणे आले की ती राहणारच. घरातल्या एकाला तरी विश्वासात घ्यायला तिला मदत करा. डिप्रेशनमध्ये तर गोळी घ्यायची इच्छा नसणं हाच आजाराचा भाग असतो. शिवाय गुण यायला काही आठवडे लागतात आणि त्रास पहिल्या दिवसापासून. ते पहिले आठवडे कोणीतरी सोबत हवं. मानसिक आधारासाठी टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक मराठीतही चालतो.

खरंच विसर पडत असेल तर

आधी वेळा कमी करून घ्या. दिवसातून चार वेळा आठवण ठेवणं धडधाकट माणसालाही जमत नाही. दोन गोळ्यांची एक करता येईल का, दुपारची टाळता येईल का, हे डॉक्टरांना सरळ विचारा.

मग गोळी रोजच्या एखाद्या कामाला बांधा, घड्याळाला नाही. देवपूजा, दाढी, रात्री दाराला कडी लावणं. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी पाण्यासोबत, चहाच्या निदान अर्धा-एक तास आधी लागते, आणि आपल्याकडे तर डोळे उघडायच्या आत चहा होतो. म्हणून ती उशाशी पाण्याच्या तांब्याजवळ ठेवा. लोहाची गोळी चहासोबत नको, अंगी लागत नाही. हंगाम असेल तर संत्र्यासोबत घ्या. कॅल्शियम आणि थायरॉइडच्या गोळीत चार तासांचं अंतर ठेवा.

आता डबी. आठवड्यातून एकदा भरा, शक्यतो रुग्णाच्या हातानेच. काही गोळ्या, उदाहरणार्थ फिट्सवरची व्हॅल्प्रोएट, हवेतला ओलावा धरतात. त्या स्ट्रिपमधून न काढता तेवढा तुकडा कापून ठेवा. बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या एमआयडीसीत पाळीत काम करणाऱ्यांना सकाळ-रात्र असे कप्पे उपयोगी नाहीत. त्यांनी "उठल्यावर" आणि "झोपण्याआधी" असं ठरवावं आणि पाळी बदलते हे डॉक्टरांना सांगावं. महिनाभरापूर्वी न विसरणारं माणूस आता सारखं विसरत असेल, तर डबीच्या आधी स्मरणशक्तीची तपासणी करा.

सणवार आणि उन्हाळा

महालक्ष्म्यांच्या दिवशी घरातल्या बाईचं जेवण दुपारी चारच्या आत होत नाही. सकाळी शुगरची ग्लिमेपिराइड घेतलेली असेल आणि पोटात काही नसेल तर शुगर खाली जाते, हातपाय थरथरतात, आणि पुढे ती गोळी कायमची बदनाम होते. नवरात्र, एकादशी, रोजे, कोणताही उपवास असो, आठ दिवस आधी डॉक्टरांकडून वेळा ठरवून घ्या. "उपवास करूच नका" या सल्ल्यावर बहुतेक जण मान हलवतात आणि उपवास करतात.

नागपूरचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो. न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायचं, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. गोठलेलं वाया गेलं. वापरातली बाटली एरवी बाहेर सुमारे चार आठवडे चालते, पण ती साधारण ३० अंशांच्या आत. एप्रिल-मेमध्ये आपल्या खोल्या कूलर बंद झाला की तेवढ्यात राहत नाहीत, म्हणून तीही फ्रिजमध्येच ठेवा आणि टोचण्याआधी थोडा वेळ बाहेर काढा, म्हणजे झोंबणार नाही. फ्रिज नसेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात घालून ओल्या रेतीत बसवलेल्या मातीच्या मडक्यात, सावलीत ठेवा. स्कूटरच्या डिकीत पाच मिनिटांसाठीही नको. इन्सुलिन नियमित घेऊनही मे महिन्यात शुगर वाढली, तर माणसावर संशय घेण्याआधी बाटली बघा.

एखादी गोळी राहिली तर

दिवसातून एकदाची गोळी त्याच दिवशी आठवली तर घ्या. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर राहिलेली सोडून द्या. भरपाई म्हणून दोन एकदम घेऊ नका. इन्सुलिन, रक्त पातळ करणारी औषधं, फिट्सची औषधं आणि गर्भनिरोधक गोळ्या यांचे नियम वेगळे आहेत. ते आधीच विचारून यादीच्या कागदावर लिहा.

काही औषधं स्वतःच्या मनाने एकदम बंद करणं धोक्याचं असतं: फिट्सची, मेटोप्रोलॉल-ॲटेनोलॉलसारखी हृदयाची, बरेच दिवस चाललेली स्टेरॉइडची, स्टेंट (हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेली जाळी) नंतरची क्लोपिडोग्रेल आणि ॲस्पिरिन. दाताचे डॉक्टर म्हणाले म्हणूनसुद्धा स्टेंटवाल्या रुग्णाने या गोळ्या परस्पर थांबवू नयेत. आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन करा.

चहातून गोळी

मानसिक आजारात घरचे गोळी कुटून चहात किंवा वरणात घालतात. त्यांची हतबलता मला समजते. पण सावकाश विरघळणारी गोळी कुटली की सगळं औषध एकदम अंगात जातं, आणि एकदा उघडकीस आलं की रुग्ण घरचं अन्नही नाकारतो. त्याऐवजी मानसोपचारतज्ज्ञांना खरी परिस्थिती सांगा. काही औषधं दोन-चार आठवड्यांतून एकदा इंजेक्शनने देता येतात, हा पर्याय कितीतरी घरांना माहीतच नसतो.

डॉक्टरांसमोर

ओपीडीत तीन-चार मिनिटं मिळतात. कागद पुढे करा आणि आधी हेच सांगा: "या महिन्यात ही गोळी इतके दिवस राहिली, कारण हे." रुग्णाला स्वतः सांगू द्या; तुम्ही फक्त आकडा द्या. तक्रारीच्या सुरात सांगितलं तर पुढच्या वेळी तो तुम्हाला सोबत नेणार नाही. बदल झाला तर जुनी गोळी त्याच दिवशी पिशवीतून काढा, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा मोजा.

कधीकधी न घेणाऱ्याचं म्हणणं बरोबरही असतं. ऐंशीच्या पुढच्या, भूक गेलेल्या, दिवसाला अकरा गोळ्या असलेल्या आजीला "घ्या हो आई, घ्या" म्हणत राहण्यापेक्षा यादी डॉक्टरांपुढे ठेवा आणि विचारा: यातल्या कोणत्या अगदी गरजेच्या आहेत आणि कोणत्या थांबवता येतील? तीन वर्षांपूर्वी चार दिवसांसाठी दिलेली ॲसिडिटीची गोळी, झोप लागते तरी चालू असलेली झोपेची गोळी, आणि एकाच कामाची दोन जीवनसत्त्वं या यादीत बहुधा निघतातच. अकराच्या सात झाल्या, तर त्या सात घ्यायला आजी कुरकुर कमी करते.